उजेडबाबाचं पाकीट

सभागृहातल्या तीनशे खुर्च्या भरल्या होत्या आणि ज्यांना खुर्ची मिळाली नव्हती ते भिंतींना पाठ लावून उभे होते. मंचावर एक टेबल, टेबलावर दवाखान्यात असते तशी काचेची प्रकाशपेटी, आणि पेटीच्या मागे उजेडबाबा. पेटीतला उजेड त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर असा पडत होता की बाबा मूळच्यापेक्षा दुप्पट तेजस्वी दिसावा. खरं तर त्याचा पहिला चमत्कार हाच होता, पण तो कुणी जमेस धरत नव्हतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका!" बाबा माइकवरून म्हणाला. "मी कोण? मी नुसता दिवा पुसणारा. विश्वास यंत्रावर ठेवा. यंत्र खोटं बोलतं का?"

"नाही!" सभागृह गरजलं.

"मग नाव वाचा. तारीख वाचा."

एका म्हाताऱ्या सुताराच्या मुलाने पुढे होऊन पेटीवर लावलेल्या फिल्मच्या माथ्यावरचं नाव वाचलं, तारीख वाचली. फिल्मवर सुताराच्या मेंदूची वीस छोटी चित्रं होती आणि जवळपास प्रत्येकात पांढरे डाग होते. बाबाने ती फिल्म सगळ्यांच्या देखत एका जाड तपकिरी पाकिटात घातली, पाकिटाला लाख लावली आणि ते मुलाच्याच छातीशी दिलं. "घट्ट धर. मी हातही लावणार नाही." मग पंधरा मिनिटं तो हातात दिवा घेऊन पाकिटाभोवती फिरला आणि लोक टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणत राहिले, "उजेड येऊ दे, उजेड येऊ दे!" लाख फोडली गेली, फिल्म बाहेर आली, पेटीवर चढली. नाव तेच, तारीख तीच, पण पांढरे डाग गायब. होते तिथे सगळं काळसर. सुताराचा मुलगा मंचावरच रडायला लागला आणि अर्धं सभागृह त्याच्याबरोबर रडलं.

सातव्या रांगेत बसलेली ताई मात्र हसली. तिचं चुकलं ते एवढंच.

ताई एमआरआय मशीन चालवायची. अठरा वर्षं ती त्या मशीनच्या काचेआड बसून लोकांच्या डोक्यांची चित्रं काढत आली होती, त्यामुळे दवाखान्यात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. आज ती इथे आली होती धाकट्या बहिणीच्या हट्टाखातर. धाकटीच्या मांडीवर तिची सहा वर्षांची मुलगी बसली होती, डोक्यावर कापूस भरून शिवलेली टोपी घालून. पोरगी चालायला लागल्यापासून कधी सरळ चाललीच नव्हती, सुरकन पळायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू. आता तिला भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं.

"हसतेस काय?" धाकटी दातओठ खात कुजबुजली.

"दोन फिल्म आहेत गं. दवाखान्याच्या एकाच पाकिटातल्या."

"गप्प बस!" हे पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून सांगितलं. "दवाखानेवाल्यांचं दुकान बंद पडायला आलंय, म्हणून पोटात दुखतंय."

तेवढ्यात बाबाची नजर खारूवर गेली. "ती बघा माझी पोर! दोन महिन्यांपूर्वी आणली तेव्हा मान धरत नव्हती. मी डोक्यावर हात ठेवला आणि पंधरा दिवसांत उभी राहिली. का नाही, मिस्त्री?"

धाकटीचा नवरा फरश्या बसवायचा. गवंडी, सुतार, गिऱ्हाईक, बायको, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. तो कमी बोलणारा माणूस. त्याने उठून हात जोडले.

"पुढच्या रविवारी हिची फिल्म लावू," बाबा म्हणाला. "आणि फिल्म उजळली की त्याच घटकेला ऊबकोठी. थंडी साचली की नस ढिली पडते, लोकहो. ऊब दिली की उरलंसुरलं पांढरं वितळून जातं!"

टाळ्या झाल्या. ताईचं हसू मात्र मावळलं, कारण ऊबकोठी काय असते ते तिने येतानाच पाहिलं होतं. मंचामागे पत्र्याची एक खोली होती. आत तारांच्या चार शेगड्या, मधे एक खुर्ची. माणसाला रजईत गुंडाळून तिथे अर्धा तास बसवायचे आणि दार बाहेरून लावायचे.

*

"खारूला आत बसवायचं नाही," रस्त्यावर आल्या आल्या ताई म्हणाली. "आमच्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हा दोघांना बजावून सांगितलंय. ताप नको आणि डोक्याला धक्का नको. दोन महिन्यांपूर्वी ताप आला, त्यानंतरच ती पडली ना?"

"आणि बाबांकडे नेल्यावर उठली," धाकटी म्हणाली.

"ती उठणारच होती. हा आजार असाच आहे. ताप आला की पोर खाली कोसळतं, मग काही आठवड्यांत थोडं वर येतं. पहिल्याइतकं नाही, पण येतं. ते वर येताना जो कुणी जवळ उभा असेल तो म्हणतो, मीच उचललं."

मिस्त्री रस्त्याकडे बघत होता. "ताई, फिल्म बदललेली मी डोळ्यांनी पाहिली. नाव तेच होतं."

"असणारच हो. मशीन एकाच डोक्याची पाच तऱ्हांनी चित्रं काढतं. एका तऱ्हेत पाणी पांढरं दिसतं, दुसऱ्या तऱ्हेत तेच पाणी काळं दिसतं. माणूस तोच, दिवस तोच, नाव तेच. दवाखान्यातून मिळालेलं सगळं पाकीट लोक बाबाकडे दोन दिवस आधी जमा करतात. त्याने एक दाखवली आणि दुसरी काढली."

"पाकीट तर सुताराच्या पोराच्या छातीशी होतं. मग दुसरी आत गेली कशी?"

 हे ताईला खरंच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर," मिस्त्री म्हणाला.

धाकटी थांबली. तिचा आवाज एकदम खाली गेला. "ताई, बाबा म्हणतात हे आईच्या कुळातून आलंय. माझ्या रक्तातून. सासूबाई तर केव्हापासून म्हणताहेत. मग ते धुऊन काढायचं कुणी? मीच ना?"

"अगं, निम्मं तुझ्याकडून आणि निम्मं मिस्त्रींकडून! दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तेव्हा कुठे हे झालं. एकट्या आईला हा आजार देताच येत नाही."

"तू माझी बहीण आहेस. तू असंच म्हणणार." धाकटीने खारूला उचलून खांद्यावर घेतलं. "तू तिची चित्रं काढलीस. पुढे तुम्ही लोकांनी काय केलंत? 'उपाय नाही' एवढं सांगितलंत. बाबा निदान 'आहे' तरी म्हणतात."

ताईला या बोलण्याचा राग आला नाही. रडू आलं. बहीण खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

*

सोमवारी सकाळी ती पोलीस चौकीत गेली. हवालदार भला होता. त्याने चहा विचारला आणि म्हणाला, "आईबापांची तक्रार आहे का?" नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आरोग्य खात्याच्या वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं की पंधरा दिवसांत माणूस पाठवू. रविवार सहा दिवसांवर होता.

मंगळवारी मिस्त्री स्वतःच दवाखान्यात हजर झाला. कपड्यांवर सिमेंट, नजर खाली. "फिल्म पुन्हा छापून हव्या होत्या. घरी होत्या त्या खारूने खिडकीला चिकटवल्या आणि त्यांवर रंगीत खडूने खारी काढल्या. बाबांना स्वच्छ लागतात. पाचही."

ताई नाही म्हणणार होती. पण डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. त्यांनी मिस्त्रीला बसायला सांगितलं. तो बसला नाही, तेव्हा त्याही उभ्याच राहिल्या.

"तुम्हाला मागच्या वेळी मी घाईत सांगितलं," त्या म्हणाल्या. "आज सावकाश सांगते. बाबा म्हणतो नस ढिली आहे. नस चांगली आहे. मेंदूत निरोप नेणाऱ्या पेशी असतात, त्यांना चेतापेशी म्हणतात. सगळं जग त्यांचंच नाव घेतं. पण त्यांच्याभोवती दुसऱ्या पेशी असतात, ग्लिया नावाच्या. त्या चेतापेशींना खाऊपिऊ घालतात, कचरा काढतात, त्यांच्या तंतूंवर स्निग्ध आवरण चढवतात आणि ते जपतात. खारूच्या ह्या ग्लियांत जन्मापासून बिघाड आहे. त्यातल्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ज्या पेशी आहेत ना, त्या कच्च्याच राहिल्यात. त्यांनी नीट सांभाळलं नाही की आवरण टिकत नाही, विरत जातं आणि तिथे पाणी साचतं. ताप आला, धक्का बसला, की ह्या पेशींना तो ताण सोसवत नाही."

"आणि ऊब?"

"रजईत गुंडाळून चार शेगड्यांत अर्धा तास बसवलेल्या पोराचं अंग तापतं, मिस्त्री. माझ्या दृष्टीने तो तापच. ती पुन्हा कोसळू शकते. ह्या वेळी उठेलच असं मी सांगू शकत नाही."

 मिस्त्री जमिनीकडे बघत होता. मग त्याने टाचेने एका फरशीवर दोनदा ठोकलं. "ही पोकळ वाजतेय," तो म्हणाला. "उखडेल." आणि पुन्हा ताईकडे वळून, "फिल्म कधी मिळतील?"

"उद्या," ताई म्हणाली.

तो गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "उद्या? ताई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे मॅडम. कांदा आठवतो का?"

कांद्याचं असं होतं. नव्या शिकाऊ मुलींना मशीनच्या तऱ्हा शिकवायला ताई आत कांदा ठेवायची. कांदा हलत नाही, घाबरत नाही आणि 'किती वेळ लागेल' असं विचारत नाही. त्याची चित्रं मशीनमध्ये पडून होती: गोल, आणि आत एकात एक चकत्या.

"फिल्मवर वीस चौकोन असतात," ताई म्हणाली. "पाण्याचं पांढरं दाखवणाऱ्या दोन फिल्म मी जशाच्या तशा छापते. काळं दाखवणाऱ्या तीन आहेत. त्या तिन्हींवर अगदी शेवटच्या चौकोनात कांदा घालते. फिल्म बदलली नाही तर कांदा कुणाला दिसणारच नाही. बदलली तर दिसेल."

डॉक्टरीणबाई बसल्या. "दवाखान्याच्या नावाने खोटी फिल्म बाहेर जाणार नाही, ताई."

"खोटी कशी? चौकोनाखाली लिहिलेलंच असेल, 'कांदा, चाचणी'. माथ्यावर नाव असतं तितक्याच मोठ्या अक्षरांत. आणि इथल्या नोंदीतही तसंच लिहिते."

"आणि बाबाने वाचलं तर?"

"तर मी दारात आडवी होईन. दुसरं काय करणार?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मीही सही करते," त्या म्हणाल्या.

बुधवारी मिस्त्री पाकीट न्यायला आला. ताईने पाच फिल्म त्याच्यासमोर मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि वहीत त्याची सही घेतली. 

"मिस्त्री, एक विचारू? काम संपलं की तुम्ही फरशी तपासता कशी?"

मिस्त्रीला प्रश्नाचं नवल वाटलं, पण धंद्याचा प्रश्न होता, म्हणून त्याने उत्तर दिलं. "पहिल्या ओळीपासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. गिऱ्हाईक मधलंच बघतं. खोड कोपऱ्यात असते."

"फिल्म पण तशीच बघा," ताई म्हणाली. याहून जास्त बोलायची तिची छाती झाली नाही. सांगितलं असतं तर त्याने ते भाबडेपणाने बाबाच्या कानावर घातलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

*

रविवारी दुपारी सभागृह पुन्हा तुडुंब. ताई खुर्चीवर बसली नाही. ती सरळ मंचामागे गेली आणि ऊबकोठीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. पत्रा इतका तापला होता की तिला अंग जरा पुढे घ्यावं लागलं. तिथून मंचाची फक्त एक कड दिसत होती: टेबलाचा कोपरा आणि मिस्त्रीचा एक खांदा. बाकी सगळं माइकवरून कळणार होतं.

दोन सेविका आल्या. "बाजूला व्हा, बाई."

"होणार नाही."

"बाबांना सांगू का?"

"सांगा ना. मंचावरून सगळ्यांना सांगू दे."

ते त्यांना परवडणारं नव्हतं. त्या नुसत्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, वाट बघत. मग धाकटी आली. खारू रजईत होती, नुसती टोपी आणि डोळे बाहेर. आतापासूनच तिच्या ओठांवर घाम होता.

"ताई, सरक."

"फिल्म उघडेपर्यंत थांब. एवढंच मागते."

"मावशी," खारू रजईतून म्हणाली, "आत खूप गरम आहे का?"

"हो गं."

"मग मी नाही जाणार."

धाकटीने तिला छातीशी आवळलं.  तिला नको होतं. ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी ज्या हातांनी मान न धरणारं पोर उचललं होतं, त्या हातांना आता कुणीतरी वाट दाखवायला हवी होती आणि माइकवरचा आवाज ती दाखवत होता.

"नाव वाचा! तारीख वाचा!"

मिस्त्रीचा आवाज आला. त्याने खारूचं शाळेतलं नाव वाचलं, तारीख वाचली. सभागृहातून हळहळ ऐकू आली. लहान पोर आणि एवढं पांढरं. पाकिटाचा कागद करकरला, लाख लागली. "धर छातीशी, मिस्त्री! बाप आहेस तू! आता उजेड आणि तुझ्यामध्ये कुणी नाही!"

टाळ्या सुरू झाल्या. उजेड येऊ दे, उजेड येऊ दे. ताई मनातल्या मनात हिशेब मांडत होती. त्याने खालचं वाचलं असेल का? वाचलं असेल तर आज पांढरीच फिल्म बाहेर काढेल, म्हणेल श्रद्धा कमी पडली, ऊबच लागेल. मग? मग आपण एकटी आणि हे तीनशे.  आपण शहाणपणाच्या नादात पोरीचा जीव एका कांद्यावर टांगला, असं तिला वाटलं आणि स्वतःची भयंकर भीती वाटली.

टाळ्या थांबल्या. लाख फुटल्याचा बारीक आवाज माइकने पकडला.  आणि मग सभागृह उसळलं. शिट्ट्या, हुंदके, खुर्च्या सरकल्याचा गोंगाट. "गेलं! सगळं पांढरं गेलं!"

"चला," सेविका म्हणाली आणि तिने ताईच्या दंडाला धरलं. दुसरीने कडी काढली. दार उघडताच गरम हवा तोंडावर आली. ताईने चौकटीला दोन्ही हातांनी धरलं. धाकटीने एक पाऊल पुढे टाकलं.

"थांबा जरा," माइकवर मिस्त्री म्हणाला.

तो ओरडला नव्हता. कामावर एखाद्या गड्याला सांगावं तसं म्हणाला. पण धाकटी तिथेच थांबली, कारण नवऱ्याचा हा आवाज ती ओळखत होती.

"बाबा, ह्यातला शेवटचा वेगळा आहे."

"काय वेगळं, बेटा?"

"खालच्या ओळीतला, कोपऱ्यातला. बाकीच्या एकोणीस चित्रांत डोकी आहेत. ह्याच्यात गोल चकत्या आहेत. मघाच्या फिल्मवर तिथे डोकंच होतं. मी कोपऱ्यापर्यंत बघितली होती."

"वलयं आहेत ती!" बाबा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. त्याचं कौतुकच करायला हवं. "रोग निघून जाताना उमटलेली उजेडाची वलयं! लोकहो, असा ठसा मी बारा वर्षांत पाहिला नाही!"

"उजेड!" कुणीतरी ओरडलं.

"खाली काहीतरी लिहिलंय," मिस्त्री म्हणाला. त्याला वाचायला वेळ लागायचा. त्याचं वाचन मापांचं होतं, मजकुराचं नव्हतं. सभागृह थांबलं. "कां… दा. कांदा. चाचणी."

मागच्या रांगेत एक बाई फिसकन हसली आणि लगेच तिने तोंडावर पदर धरला. पण हसू एकदा सुटलं की ते परत पाकिटात घालता येत नाही.

"दवाखान्याचा डाव आहे हा!" बाबाचा आवाज चढला. "त्यांनी मुद्दाम केलंय!"

"केलं असेल," मिस्त्री म्हणाला. "पण मघाच्या फिल्मवर कांदा नव्हता. म्हणजे ही ती फिल्म नाही. मग ती कुठे आहे? पाकीट तर माझ्याच हातात होतं."

ताईला त्याचा खांदा टेबलाकडे वळलेला दिसला. नंतर त्याने तिला सांगितलं की त्याने पाकिटाच्या कडेवर अंगठा फिरवला तेव्हाच त्याला कळलं. रिकाम्या पाकिटाला एवढी जाडी नसते. त्याने ते दोन्ही हातांनी टरकावलं. मधोमध कागदाचा पडदा होता: एका पाकिटात दोन कप्पे, दोन तोंडं. एक बाजू रिकामी दाखवून तीत फिल्म घालायची, दुसऱ्या बाजूने आधीच ठेवलेली काढायची. फाटलेल्या कप्प्यातून खारूची पांढरी फिल्म सरकून मंचावर पडली. वीसच्या वीस चौकोनांत खारूचंच डोकं होतं.

आता गोंगाट झाला तो वेगळाच होता. काही जण अजूनही "कट आहे" म्हणत होते. माणसाला फसलो असं कबूल करण्यापेक्षा आणखी फसणं सोपं जातं. पण सुताराचा मुलगा रांगेतून उठला आणि त्याचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "गेल्या रविवारपासून माझा बाप अंथरुणात आहे! कोठीतून काढला तो उठलाच नाही! तुम्ही म्हणालात रोग बाहेर पडतोय!"

बाबा माइक टेबलावर ठेवून मागच्या दाराने निघाला. मागचं दार ऊबकोठीच्या शेजारीच होतं. ताई अजून चौकट धरून उभी होती. सेविका केव्हाच पसार झाल्या होत्या.

"बाबा," ताई म्हणाली, "आत बसता का अर्धा तास? दार उघडंच आहे."

बाबाने तिच्याकडे पाहिलं नाही. रस्त्यावर मात्र त्याला चौकीतला तोच हवालदार भेटला, गोंगाट ऐकून आलेला. आता तक्रार द्यायला एक बाप होता आणि एका बापाचा मुलगाही.

धाकटीने रजई सोडून टाकली. खारूचे केस घामाने चिकटले होते. "मावशी, मी नाही गेले ना आत?"

"नाही गेलीस गं," ताई म्हणाली. ती तिथेच जमिनीवर बसली.

*

लोक ताईला मंचावर घेऊन गेले. तिने दोन्ही फिल्म प्रकाशपेटीवर शेजारीशेजारी लावल्या. "दोन्ही एकाच दिवशीच्या, एकाच बैठकीतल्या आहेत," ती म्हणाली. "इथे पाणी पांढरं दिसतं. इथे तेच पाणी काळं दिसतं. कांद्यातलं पाणीसुद्धा असंच रंग बदलतं, आणि कांद्याला कुठल्या बाबाने हात लावलेला नाही."

लोक हसले. धाकटी हसली नाही. ती मंचाच्या पायरीशी उभी होती.

"म्हणजे काळं झालं ते बरं झालेलं नाही?" तिने विचारलं.

ताईला या प्रश्नाचीच धास्ती होती. तीनशे माणसांसमोर तिला बहिणीशी खोटं बोलता आलं असतं. बाबाने तेच केलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "पांढऱ्या फिल्मवर जेवढं पांढरं आहे, तेवढंच काळीवर काळं आहे. तिथे पाणी आहे. काहीच कमी झालेलं नाही."

धाकटीने मान हलवली. ती मान तशीच हलवत राहिली, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. खारू कोपऱ्यात कागदावर खारी काढत होती. मिस्त्री रात्रभर विचार करून आला होता आणि त्याने तो एका दमात बोलून टाकला.

"मॅडम, फरशी निघाली की लोक फरशीला शिव्या देतात. फरशी चांगली असते. खालचा माल कच्चा असला की वरची कितीही भारी असली तरी पोकळ वाजते आणि एक दिवस उखडते. खारूचं असंच आहे ना? चेतापेशी म्हणजे फरशी. आणि तो ग्लिया म्हणजे खालचा माल."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "इतकी वर्षं मी हे शिकवतेय," त्या म्हणाल्या, "याहून सोपं मला सांगता आलं नाही."

"मग तो माल नीट करता येत नाही का?"

"आज नाही. ह्या पेशींवरच जगभर काम चाललंय. पण खारूच्या वेळेपर्यंत काही हाताशी लागेल, असं वचन मी देणार नाही. आज आपल्या हातात एवढंच आहे की ताप चढू द्यायचा नाही, डोकं आपटू द्यायचं नाही, आणि आहे ते जपायचं."

"आणि तो माल कालवला कुणी?" हा प्रश्न मिस्त्रीने डॉक्टरीणबाईंना विचारला, पण तो बायकोकडे बघत होता.

"कुणी मुद्दाम नाही. अर्धा तुमच्याकडून आला, अर्धा त्यांच्याकडून. दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि कळायची काही सोयही नव्हती."

"अर्धा माझा," मिस्त्री म्हणाला. मग धाकटीला, हळू आवाजात, "ऐकलंस? अर्धा माझा आहे. आईला मी सांगतो."

धाकटी दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. आजार तेवढाच होता, तसूभरही हलला नव्हता. पण तिच्या एकटीच्या डोक्यावरून तो खाली उतरला होता.

त्या आठवड्यात मिस्त्रीने कामाला सुट्टी घेतली आणि स्वतःच्या घरातली सगळी जमीन ठोकून पाहिली. जी फरशी पोकळ वाजली ती काढली. वर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड रबराचे चौकोन बसवले, खेळण्याच्या मैदानात बसवतात तसले. पडली तरी लागणार नाही असे. खारू भिंत धरून त्यांवरून चालते, मोजत मोजत. ताई भेटायला गेली की म्हणते, "मावशी, शेवटचा चौकोन बघ." बापाने कोपऱ्यातल्या चौकोनावर पांढऱ्या रंगाने एकात एक गोल चकत्या काढल्या आहेत.

जामिनावर सुटून उजेडबाबा दुसऱ्या कुठल्या तरी गावात दुसऱ्या नावाने प्रकाशपेटी लावून बसला असेल. तो जे सांगायचा त्यातली एक गोष्ट खरीच होती. नाव वाचा, तारीख वाचा. फक्त तिथेच थांबू नका. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचा, पाकिटाच्या कडेवर अंगठा फिरवा, आणि जो माणूस 'मला माहीत नाही' असं म्हणायला लाजत नाही त्याचं आधी ऐका. तो बरं करीलच असं नाही. पण तो तुमच्या पोराला तापलेल्या कोठीत ढकलणार नाही.